फटाक्यांचा वाद आणि जिन्याखालचं मीटर

नवरात्र उठलं की महाराष्ट्रात एक वाद न चुकता सुरू होतो. फटाके वाजवावेत की नाही? एक बाजू हवेच्या प्रदूषणाचे आकडे, घाबरलेली कुत्री-मांजरं आणि दम्याचे रुग्ण यांची आठवण करून देते. दुसरी बाजू विचारते, नियम आठवतात ते फक्त आमच्याच सणाला का? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली, २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईसाठी तीच वेळ पुन्हा बजावली, तरी वाद आहे तिथेच आहे. या वादात आगीचा मुद्दा दोन्हीकडचे लोक सोयीने वापरतात. विरोध करणाऱ्यांना प्रत्येक आगीत फटाक्यांविरुद्धचा आणखी एक पुरावा दिसतो, समर्थकांना सणाची बदनामी दिसते. घर कशाने जळतं आणि त्या घरातलं माणूस कशाने मरतं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

२०२५ ची दिवाळी आठवा. २० ऑक्टोबरच्या पहाटे कफ परेडच्या मच्छीमारनगरात एका चाळीला आग लागली आणि पंधरा वर्षांचा मुलगा गेला. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, वाशीत सेक्टर १४ मधल्या एका इमारतीच्या दहाव्या मजल्यावर आग भडकली, अकराव्या-बाराव्या मजल्यावर चढली आणि चौघांचा जीव घेऊन गेली. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. त्याच सुमारास कामोठ्यात एका घरात आई आणि मुलगी गेल्या. कफ परेडला विजेचं वायरिंग आणि गाडीच्या बॅटऱ्या पेटल्याचं सांगितलं गेलं, वाशीत शॉर्ट सर्किटचा संशय व्यक्त झाला, कामोठ्यात गॅस सिलिंडरचा स्फोट झाला. जेमतेम एका दिवसात सात माणसं. त्या आठवड्यात समाजमाध्यमांवर भांडण चालू होतं ते मात्र दिल्लीत हरित फटाक्यांना परवानगी द्यावी की नाही, यावर.

सणासुदीच्या दिवसांतल्या घरच्या आगी हा मुळात सणाचा प्रश्न नाही, तो घराच्या आणि इमारतीच्या अवस्थेचा प्रश्न आहे, असं माझं ठाम मत आहे. वर्षभर जे सैल, जुनं, अडवलेलं आणि बंद पडलेलं असतं, त्यावर ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत सगळ्यात जास्त ताण येतो. रोषणाई, तासन्‌तास चालणारी फराळाची तळणी, थंडी पडली की गीझर, पाहुणे, मग नाताळचा तारा आणि एकतीस डिसेंबर. तेव्हा फटाक्यांवर बंदी घाला किंवा सगळे निर्बंध उठवा, वायरिंग, जिना आणि पाण्याचा पंप यांकडे कुणी पाहिलं नाही तर पुढच्या दिवाळीतही माणसं अशीच मरतील. हे पाहण्याचा कायदा आपल्याकडे आहे. तो पाळला जात नाही, आणि तो पाळला जावा म्हणून कुणीही रस्त्यावर उतरत नाही.

आगीच्या बातमीत कारणाच्या जागी बहुतेक वेळा ‘शॉर्ट सर्किट’ लिहिलेलं असतं आणि तिथे चौकशी संपते. वीज पडावी तसं ते अचानक आलेलं संकट असल्यासारखं आपण ते स्वीकारतो. पण शॉर्ट सर्किट हा बहुधा शेवटचा क्षण असतो. त्याआधी कित्येक महिने त्या जागी काहीतरी तापत असतं. आपल्या घरातली एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारी कळ, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह आला की पडते. स्क्रूखाली सैल बसलेल्या तारेतून प्रवाह नेहमीइतकाच वाहतो, फक्त त्या एका बिंदूवर रोध वाढतो आणि उष्णता साठत जाते. एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं. दोन हजार वॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर. तीस-चाळीस वर्षांपूर्वी दिवे, पंखे आणि एखादा रेडिओ गृहीत धरून टाकलेल्या तारांवर आज हे दोन्ही चालतात, वर मायक्रोवेव्ह आणि इस्त्री. वारंवार फ्यूज उडतो म्हणून त्यात तांब्याची जाड तार अडकवून ठेवलेली घरं आजही आहेत. म्हणजे घराला वाचवणारी एकमेव कमकुवत कडी आपणच मजबूत करून टाकली.

मध्यंतरी एका ओळखीच्या घरी वायरमन बोर्ड उघडत होता तेव्हा मी शेजारी उभा होतो. बाहेरून पांढरास्वच्छ बोर्ड. आत सोळा अँपिअरच्या सॉकेटमागचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन पापुद्र्यासारखं सुटलेलं, तारेचं इन्सुलेशन टोकाला कडक आणि बोट लावलं की तुकडा पडेल असं. त्याच सॉकेटवर एक एक्स्टेन्शन होतं, त्या एक्स्टेन्शनवर दुसरं, आणि दुसऱ्यावर देव्हाऱ्याची माळ, कंदील आणि फ्रिज. घरातल्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “अहो, कधीमधी जळका वास यायचा, पण लाइट तर चालू होती.” वायरमनने स्क्रू आवळला, सॉकेट बदललं, फ्रिजला वेगळी लाइन काढली. काम दुपारपर्यंत आटोपलं. एलईडीची माळ स्वतः फार वीज खात नाही, हे तो वायरमनही सांगत होता. धोका ती जिथे खोचली जाते तिथे असतो, किंवा सोललेली तार काडी घालून सॉकेटमध्ये कोंबली जाते तिथे. देशात २०२२ या एका वर्षात आगीच्या अपघातांत सात हजारांहून जास्त माणसं गेल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक राहत्या घरांत गेली. कारखान्यात नाही, सिनेमागृहात नाही, घरात.

आता फटाक्यांचं. त्यांनी आगी लागत नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अग्निशमन दलाचे फोन वाजायचे थांबत नाहीत, आणि त्यांतले बरेचसे फटाक्यांमुळेच असतात. बाटलीत उभा केलेला रॉकेट तिरका जातो आणि चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांत किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात शिरतो. घरचे गावी गेलेले असतात, दाराला कुलूप असतं, आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत पडदे पेटलेले असतात. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा, की बाकीच्या सुधारणांना वर्षं लागतात, रॉकेट मात्र आज थांबवता येतो. हा मुद्दा मला मान्य आहे. दाट वस्तीत, उंच इमारतींच्या मधल्या चौकात रॉकेट उडवू नये, मोकळं मैदान ठरवून तिथेच उडवावा, यात सणाचं काहीही कमी होत नाही. पण इथे थांबून चालेल का? गॅलरीत पडलेली ठिणगी पाच मिनिटांत विझायला हवी. ती का विझत नाही? कारण मजल्यावरच्या होज रीलला, म्हणजे आग विझवायच्या गुंडाळलेल्या नळीला, पाणी नसतं, पंपाचं बटण कुणाला माहीत नसतं, गाडी आत यायचा रस्ता लावलेल्या गाड्यांनी अडवलेला असतो. ठिणगी कुठून आली हा पहिला प्रश्न जरूर आहे. तिची आग कशी झाली हा दुसरा आहे, आणि माणसांचे जीव या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात.

दुसऱ्या बाजूची तक्रारही मी हलक्याने घेत नाही. सण आला की उपदेश सुरू होतो आणि सण संपला की उपदेशकही गायब होतात, हे खरं आहे. फक्त त्यातून ‘म्हणून आम्हाला काहीच सांगू नका’ हा निष्कर्ष निघत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत नाताळच्या झाडावर खऱ्याखुऱ्या मेणबत्त्या लावत. वाळत चाललेल्या सूचिपर्णी फांद्या आणि त्यांवर उघड्या ज्योती. घरं जळत, मुलं भाजत. झाडावर बंदी आली नाही, आणि ‘आमची परंपरा आहे’ म्हणून मेणबत्त्याही कायम राहिल्या नाहीत. १८८२ साली एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये आपल्या घरच्या झाडावर विजेचे छोटे दिवे लावले, आणि पुढच्या काही दशकांत ती रीत घरोघर गेली. झाड राहिलं, उजेड राहिला, ज्योत गेली. आपल्याकडे कंदिलात पणती ठेवायचे तिथे बल्ब आला, बल्बच्या जागी एलईडी आली, तेव्हा कुणाचा धर्म बुडाला? मात्र या बदलात एक नवी जोखीम आली, तीही नोंदवायला हवी. ज्योत डोळ्यांना दिसत होती, तिच्याजवळ पडदा असेल तर आजी ओरडायची. भिंतीतली तापलेली तार कुणालाच दिसत नाही. म्हणून डोळ्यांच्या पहाऱ्याची जागा तपासणीने घ्यायला हवी होती, आणि ती अजून घेतलेली नाही.

बहुतेक माणसं ज्वाळांनी मरत नाहीत, धुराने मरतात, आणि धूर जिन्याने चढतो. जुन्या इमारतींत सगळ्या बिऱ्हाडांची मीटरं जिन्याखाली असतात. त्या कोनाड्यात वॉचमनची खाट, मोडकी सायकल, रंगाचे डबे, गणपतीच्या मखराचा थर्मोकोल आणि कोणाची तरी बांधून ठेवलेली गादी असते. आग तिथे लागली की जिना धुराड्यासारखा ओढ घेतो आणि वरच्या प्रत्येक मजल्यावर धूर पोहोचवतो. लोक घाबरून दार उघडतात आणि त्याच जिन्याने खाली धावतात. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तीनच्या सुमारास गोरेगावच्या जय भवानी इमारतीत खालच्या पार्किंगमध्ये आग लागली. ही झोपडपट्टी पुनर्वसनातली सात मजली इमारत होती. खाली वाहनं आणि कापडाच्या चिंध्यांचे गठ्ठे होते. किमान सात माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. नव्या इमारतींत धूर वर नेण्याचं हे काम विजेचा डक्ट, म्हणजे तारा वर नेणारी उभी पोकळी, करतो. प्रत्येक मजल्यावर हा डक्ट आगरोधक साहित्याने बंद करायचा असतो. केबलवाला, इंटरनेटवाला येऊन आपली तार टाकतो, भोक तसंच उघडं ठेवून जातो. खिडक्यांची गोष्ट तशीच. चोराच्या भीतीने बसवलेल्या बॉक्स ग्रिलला उघडणारी झडप नसेल तर आतलं माणूस अग्निशमन दलाच्या शिडीच्या हाताच्या अंतरावर असूनही बाहेर येऊ शकत नाही. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली सेक्रेटरीच्या घरी, आणि सेक्रेटरी दिवाळीला कोकणात.

“मुंबईकडे ९० मीटरची शिडी आहे की,” असं काही जण समाधानाने सांगतात. आहे, आणि असायलाच हवी. पण ती आत यायला रस्ता लागतो, उभी करायला जागा लागते, आणि साठ मजली इमारतीपुढे तीही अपुरी पडते. म्हणूनच उंच इमारतीची आग आधी इमारतीनेच विझवायची असते. तिथला पंप, पाणी वरच्या मजल्यांवर नेणारा राइझर, छतातून आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर हे सगळं त्यासाठीच असतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या अविघ्न पार्कमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली, तिथे वाचायला धडपडणारा सुरक्षारक्षक खाली पडून गेला, आणि इमारतीची यंत्रणा चालत नव्हती हे नंतर पुढे आलं. तीन महिन्यांनी, २२ जानेवारी २०२२ ला, ताडदेवला पुन्हा एका उंच इमारतीचा एकोणिसावा मजला पेटला आणि किमान सहा माणसं गेली. कोट्यवधींचे फ्लॅट असोत की पुनर्वसनाची खोली, पंप बंद असेल तर धूर दोघांनाही सारखाच गाठतो.

इथे कायद्याकडे येतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. या कायद्यानुसार इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे बहुतेक ठिकाणी सोसायटीची आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, ‘फॉर्म बी’ हे प्रमाणपत्र द्यायचं असतं. दोन महिनेही किती नेमके आहेत! जुलैची तपासणी खरोखर झाली, तर दिवाळीला इमारत सज्ज असते. पण किती सोसायट्यांच्या सभासदांनी हा फॉर्म डोळ्यांनी पाहिला आहे? वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होतं, रंग कोणता द्यावा यावर मतदान होतं, आगीचा विषय ‘ऐन वेळच्या विषयांत’ही येत नाही. काही ठिकाणी प्रमाणपत्र मिळतं, पंप मात्र सुरू करून कुणी पाहिलेला नसतो.

तपासणीवर घेतला जाणारा सगळ्यात गंभीर आक्षेप असा, की सरकारी माणूस घरात शिरू लागला तर त्याला सीमा राहत नाही. महाराष्ट्र हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात प्लेग आला. साथ खरी होती, माणसं खरोखर मरत होती, घरं स्वच्छ करणं आणि आजारी माणसं वेगळी काढणं आवश्यकच होतं. पण १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखाली गोरे सोजीर घरांत घुसले, स्वयंपाकघरं आणि देवघरं तुडवली गेली, सामान रस्त्यावर फेकलं गेलं. लोक साथीपेक्षा सोजिरांना जास्त भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. इथून काय घ्यायचं? माझ्या मते, घरात शिरणारा कोण आणि कोणाच्या सांगण्यावरून, यावर सुरक्षेच्या उपायाचं यश ठरतं, एवढं नक्की. म्हणून घरातल्या वायरिंगची तपासणी पालिकेच्या निरीक्षकाने करावी असं मी म्हणत नाही. सोसायटीने ठराव करून नेमलेला परवानाधारक वायरमन, आधी सांगून, घरातलं माणूस समोर असताना, बोर्ड आणि मेन स्विच पाहील आणि काय दुरुस्त करायचं ते त्या घराला लिहून देईल. पालिकेने पाहायचं ते सामायिक भागाचं: जिना, डक्ट, मीटरची खोली, पंप, टाकी, गाडीचा रस्ता. हे कुणाच्या देवघरात शिरणं नव्हे.

आणि दुरुस्त न करणाऱ्या घराचं काय? त्याचं घर हे त्याचं खासगी क्षेत्र, हे शंभर टक्के मान्य. धूर मात्र खासगी राहत नाही. वाशीत दहाव्या मजल्याची आग वरच्या दोन मजल्यांवर गेली, तेव्हा वरच्यांनी कुणाच्या घराबाबत कोणती निवड केली होती? गळकं संडास दुरुस्त करून घ्यायला सोसायटी नोटीस देऊ शकते, कारण ओल खालच्या छतावर दिसते. तापलेल्या सॉकेटची ओल दिसत नाही, एवढ्यासाठी तिला सोडून द्यायचं?

पैशांचा आक्षेप मला याहून जड वाटतो. ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, ऐन नवरात्रात, चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर असलेल्या एका छोट्या बांधकामात आग लागली. एका कुटुंबातली सात माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. अशा ठिकाणी फॉर्म बी कसला आणि सोसायटी कुठली? वर जायला एक अरुंद जिना, तोही दुकानातून किंवा दुकानाशेजारून. खाली पेटलं की वरच्यांना वाटच नाही. ज्याच्या घरात महिनाअखेरीला पैसे उरत नाहीत, त्याला वायरिंग बदला म्हणणं क्रूरपणा आहे. म्हणूनच हा खर्च सार्वजनिक मानला पाहिजे. सरकार एलईडी बल्ब सवलतीत घरोघर पोहोचवू शकलं, गॅसची जोडणी गरिबाघरी नेऊ शकलं, तर चाळी आणि वस्त्यांत प्रत्येक मीटरमागे एक एमसीबी आणि विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारं ईएलसीबी का बसवू शकत नाही? एका मृत्यूनंतर जाहीर होणाऱ्या मदतीच्या रकमेत एका अख्ख्या चाळीचं हे काम होईल. गॅसच्या नळीचंही तेच. ती पाच वर्षांनी बदलायची असते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला वायू जमिनीलगत साठतो, आणि रात्री वास आला म्हणून दिव्याचं बटण दाबलं तर तीच ठिणगी पुरते. सिलिंडर देणाऱ्या माणसाला नळीवरची तारीख पाहून सांगायला किती वेळ लागतो?

मग शेवटचा आणि रोज ऐकू येणारा आक्षेप: तपासणी आली की पैसे खाणं आलं. तो अनुभवातून येतो, त्यामुळे त्याला नुसतं ‘असं नका म्हणू’ म्हणून भागत नाही. पण मग लिफ्टकडे पाहा. तेव्हाच्या मुंबई प्रांतात लिफ्टसाठी १९३९ मध्येच कायदा झाला, आजही लिफ्टची सरकारी तपासणी होते. तिथे गैरप्रकार नसतील असं नाही. तरीही लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मिनिटाला सेक्रेटरीला फोन जातो, कारण ती रोज वापरली जाते आणि तिची अवस्था सगळ्यांना दिसते. आगीच्या यंत्रणेत नेमकं हेच नाही. ती वर्षानुवर्षं वापरली जात नाही, म्हणून तिची अवस्था मुद्दाम दाखवावी लागेल. पालिकेने प्रत्येक इमारतीचा फॉर्म बी कधी आला, आला की नाही, कोणत्या संस्थेने दिला, हे प्रभागवार संकेतस्थळावर टाकावं. सोसायटीने तोच कागद फलकावर लावावा, आणि तपासणीच्या दिवशी सभासदांना खाली बोलावून होज रीलमधून पाणी उडवून दाखवावं. खोटं प्रमाणपत्र देणाऱ्याला शंभर साक्षीदारांसमोर पंप चालवून दाखवावा लागला, तर त्याचा धंदा अवघड होईल. निरीक्षक एकटा असतो तिथे पाकीट चालतं.

याच्या जोडीला एक स्वस्त गोष्ट आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून धूर ओळखून ओरडणारे बॅटरीवरचे छोटे अलार्म घरोघर बसू लागले, आणि घरच्या आगींत मरणाऱ्यांची संख्या पुढच्या काही दशकांत जवळपास निम्म्यावर आली. याचं सगळं श्रेय अलार्मला देता येणार नाही. तिथे सिगारेट ओढणंही कमी झालं, गाद्या-पडद्यांचे नियमही कडक झाले. पण झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागं करत नाही, आवाज करतो, हे निर्विवाद आहे. वरच्या आगींच्या वेळा पाहा: पहाट, मध्यरात्र, पहाटेचे तीन. आपल्याकडे लगेच म्हणतात, फोडणी टाकली की तो वाजणार. मग स्वयंपाकघरात लावू नका. झोपायच्या खोलीबाहेर, पॅसेजमध्ये लावा. दिवाळीला एकमेकांना देतो त्या सुक्या मेव्याच्या डब्याएवढ्या किमतीत तो मिळतो.

आणि शिक्षणाने काय होतं, याचं उदाहरण परळलाच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये क्रिस्टल टॉवरला आग लागली, चार जण गेले. त्याच इमारतीत दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेलं आठवून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ओली फडकी नाकातोंडाला लावायला सांगितली, दारं-खिडक्यांचं भान ठेवलं, धुरात घाई करू दिली नाही. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ते धैर्य तिचं होतंच, पण माहिती शाळेने दिली होती. ही माहिती प्रत्येक मुलाला का नाही? मुंबई गोदीच्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले तो दिवस, १४ एप्रिल १९४४, म्हणून त्या तारखेला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. शाळा तेव्हा परीक्षांत असतात. दिवाळीच्या सुट्टीआधीचा एक तास, जिन्यावरून खरोखर उतरून पाहण्याचा, याहून जास्त उपयोगाचा होईल.

गणपती गेल्यावर आणि घटस्थापनेच्या आधी बहुतेक सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात; सप्टेंबर अखेरची मुदत असतेच. या वेळी फटाक्यांवर तुमचं मत काहीही असो, सभेत उठून चार गोष्टी विचारा. जुलैचा फॉर्म बी दाखवा. पंप आत्ता चालू करून दाखवा. मीटरच्या खोलीतलं सामान कोणाचं आहे आणि ते कधी हलणार? गच्चीची किल्ली रात्री तीन वाजता कोणाकडे मिळेल? उत्तर मिळालं नाही तर ते इतिवृत्तात लिहून घ्या, तारखेसह, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.